दोन दुपारी, एक कादंबरी

आज अशा एका गोष्टीबद्दल बोलूया, जिला घरात बहुतेक वेळा ‘रिकामपण’ म्हणतात. ती म्हणजे शनिवार-रविवारी निवांत बसून कादंबरी वाचणं.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या बायकांचं काम. तर आधी शहरातल्या बाईचाच आठवडा पाहू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरं. तिथली नोकरदार बाई पहाटे उठते, पाणी भरते, डबे करते आणि लोकल पकडते. बोरिवलीहून चर्चगेटला जायला गाडीतच जवळपास तास जातो, परतीला तेवढाच. लेडीज डब्यात कुणी भाजी निवडते, कुणी पोथी वाचते, कुणी पुस्तकाची चार पानं वाचते. सुट्टी आली की साठलेलं धुणं आणि पाहुणे हजर! म्हणजे वेळ तिलाही आयता मिळत नाही. तो ठरवून काढावा लागतो.

मग कादंबरीच का? वर्तमानपत्रातली बातमी दोन मिनिटांत वाचून होते. कादंबरीत मात्र आपण एका माणसाबरोबर त्याचं अख्खं आयुष्य चालतो. त्याच्या घरातली माणसं, त्यांचे स्वभाव, मागे काय घडलं, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी सलग दोन-तीन तास हवेत. बदल्यात एक गोष्ट मिळते. दुसऱ्या बाईचं दुःख आतून कळतं आणि आपल्याही मनातलं बोलायला शब्द सापडतात.

मराठी कादंबरीची सुरुवातच बाईच्या दुःखापासून झाली. १८५७ साली बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ आली. विधवांचे हाल हाच तिचा विषय. पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः छापून आली. तिची नायिकाही यमूच. लहानपणी लग्न झालेली ही मुलगी स्वतःच आपली कहाणी सांगते. नवऱ्याबरोबर मुंबईला राहायला गेल्यावर तिला थोडे सुखाचे दिवस दिसतात. पण नवरा जातो आणि तिचं जबरदस्तीनं केशवपन केलं जातं. साप्ताहिकाचं नाव ‘करमणूक’, पण ते वाचणाऱ्याला आपल्याच घराकडे नव्यानं पाहावं लागलं असेल.

आपल्या अगदी जवळची कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची ‘ब्र’. ही २००५ साली आली. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांना बोलू दिलं जातं का, त्यांना काय सोसावं लागतं, हे त्यात आहे. बचत गटातल्या किंवा पंचायतीतल्या बाईला ती आपलीच वाटेल.

आता पुस्तकं आणायची कुठून? मुंबईत १८९८ पासून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्याकडेही सोय आहे. महाराष्ट्रात १९६७ सालचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आपल्या किंवा शेजारच्या गावात असं वाचनालय आहे का, ते विचारा. अनेकदा ते असतं, पण तिथं फक्त पुरुष पेपर वाचत बसलेले दिसतात. पाच-सहा जणींनी मिळून जा आणि वर्गणी विचारून सभासद व्हा. हवं ते पुस्तक मागा.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही पाहण्यासारखा आहे. पुस्तकांची पेटी एका गटाकडे देतात. गटातले लोक ती वाचतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी पेटी बदलतात. आपले गट पैशांचा हिशोब चोख ठेवतात. मग दहा पुस्तकांची पिशवी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरवणं काही अवघड नाही.

वाचायचं कसं? पहिली कादंबरी पातळ निवडा, शे-दीडशे पानांची. घरात आधीच सांगून ठेवा, की या शनिवारी आणि रविवारी दुपारी दोन ते चार मी वाचणार आहे, चहा तुम्ही करून घ्या. पहिल्यांदा कुरकुर होईल, नंतर सवय होईल. शाळा सुटून वर्षं झाली असतील तर सुरुवातीला अक्षरं अडतील. बोट ठेवून वाचा, त्यात लाज कसली? ज्यांना वाचता येत नाही त्यांना सोबत घ्या. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावं. पुस्तक आवडलं नाही तर खुशाल परत करा.

वाचून झालं की गटाच्या बैठकीत दहा मिनिटं त्यावर बोला. ‘त्या बाईच्या जागी मी असते तर?’ एवढा एकच प्रश्न पुरे. स्वतःबद्दल जे बोलायला जीभ रेटत नाही, ते कादंबरीतल्या बाईच्या निमित्तानं सहज बोललं जातं.

मैत्रिणींनो, गडी माणूस पारावर दोन तास बसला तर त्याला कुणी हिशोब विचारत नाही. आपल्या दोन दुपारींचाही हिशोब देण्याचं कारण नाही. या आठवड्यात एक पुस्तक घरी आणा. कोणतं आणलंत, ते गटाला नक्की सांगा.