दोन नर, एक पिंजरा

गेल्या पावसाळ्यात आम्ही पन्हाळ्यावर एका शिक्षक मित्राकडे चार दिवस राहायला गेलो होतो. गडावर ढग उतरले की भर दुपारी घरात दिवे लावावे लागतात. अशा दिवसांत मुलांना विरंगुळा म्हणून मित्राने कोल्हापुरातून गिनीपिगची जोडी आणली होती. दोघे सख्खे भाऊ, एक तपकिरी, दुसरा पांढरा. दोन महिने ते एकाच खोक्यात अंगाला अंग लावून झोपत. आम्ही पोचण्यापूर्वी आठवडाभर आधी मात्र त्यांची कडाक्याची मारामारी झाली आणि पांढऱ्याच्या पुठ्ठ्यावर दोन खोल चावे उमटले. घरच्यांनी जखम धुतली आणि पू होऊ नये म्हणून मुलाच्या घशासाठी आणलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूलमधील थोडी पूड पाण्यातून पाजली. जखम सुकू लागली. पण तिसऱ्या दिवशी पांढऱ्याने खाणे सोडले, जुलाब सुरू झाले आणि पाचव्या दिवशी तो मेला.

मित्राच्या मुलीने आम्हाला विचारले, "काका, तपकिरीनंच मारलं ना त्याला?"

उत्तर 'नाही' असे होते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख. शाळांमधून आणि घरांतून आता गिनीपिग पाळले जाऊ लागले आहेत. त्यांची भांडणे आणि जखमा कशा हाताळाव्यात, हे त्यांचे शरीर व स्वभाव समजल्याशिवाय कळत नाही.

हा प्राणी कोण?

गिनीपिग ना गिनी देशाचा, ना डुकराच्या कुळातला. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. तेथील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. आपल्याकडे तो प्रथम ओळखीचा झाला तो प्रयोगशाळेतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेगचा अभ्यास चालू असताना प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडत आणि त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजत.

त्याचे रानटी भाईबंद लहान गटांनी राहतात. एका नराबरोबर बहुधा एक किंवा काही माद्या असतात. तेव्हा दोन नर एका पिंजऱ्यात ठेवणे ही माणसाने घडवलेली परिस्थिती आहे. ती निभावता येते, पण आपोआप नव्हे.

भांडण की बोलणे?

दोन गिनीपिग समोरासमोर आले की बरेच काही घडते आणि त्यातले बहुतेक 'बोलणे' असते. घुर्रर्र आवाज करत ढुंगण डोलवत चालणे, एकमेकांचा पाठलाग, नाक वर उचलून उभे राहणे, दुसऱ्याच्या पाठीवर चढणे, हे सगळे 'इथे मोठा कोण' हे ठरवण्याचे प्रकार आहेत. एकाने माघार घेतली की प्रश्न मिटतो. अशा वेळी आपण मध्ये पडलो तर ठरत आलेला क्रम मोडतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दातांचा कटकट आवाज, मानेवरचे केस फुगवणे आणि तोंड वासून दात दाखवणे हे इशारे आहेत. येथे लक्ष ठेवावे. दोघेही हटत नाहीत, एकमेकांवर झेप घेतात किंवा गुंतून लोळू लागतात, तेव्हा मात्र ती मारामारी. रक्त दिसले की क्षणभरही थांबू नये.

अशा वेळी मध्ये हात घालू नये, कारण त्या आवेशात ते कोणालाही चावतात. जाड टॉवेल टाकावा किंवा दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवावा आणि दोघांना वेगळे करावे. आपल्याला चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

कालपर्यंतचे भाऊ आज वैरी का?

मित्राचे गिनीपिग चार महिन्यांचे होते. नर दोन-तीन महिन्यांत वयात येतात आणि पुढचे काही महिने वर्चस्वाची ओढाताण सर्वांत जास्त असते. त्यातच पावसामुळे अंगणात सोडणे बंद झाले होते. खोके लहान, लपायला एकच डबा आणि त्याला एकच दार. पळण्याची वाट नसली की माघार घेणाराही उलटतो. भांडणाचे कारण स्वभावात शोधण्याआधी ते जागेत शोधावे.

दुसरे कारण संगोपनाचे असते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की मोठ्या गटात वाढलेले नर अनोळखी नरासमोर फारसे भांडत नाहीत. मोठ्या नरांच्या सहवासात त्यांना माघार घेण्याची रीत कळलेली असते. एकटे वाढलेले नर मात्र भांडतात आणि त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरकेही खूप वाढतात. थोडक्यात, शांतपणे राहणे हे गिनीपिगलाही शिकावे लागते.

जखम झाली तर

जखमी प्राण्याला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून उजेडात तपासावे. पुठ्ठा, ओठ, कान, डोळ्यांभोवतीचा भाग आणि जननेंद्रिये येथे चावे जास्त असतात. केसांमुळे ते दिसत नाहीत, म्हणून बोटांनी केस बाजूला करून पाहावे. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. मग अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी. स्पिरिट लावू नये. घरातली मलमेही नकोत, कारण प्राणी ती चाटून पोटात घेतो.

ओरखडा असेल तर एवढे पुरते. दातांचा खोल चावा मात्र फसवा असतो. वरचे छिद्र लवकर बुजते आणि आत पू साठतो. चार-सहा दिवसांनी तेथे गाठ लागली तर ती स्वतः फोडू नये. खोल चावा, डोळ्याजवळची जखम, लंगडणे किंवा खाणे बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. पावसाळ्यात माश्या जखमेवर अंडी घालतात. म्हणून पिंजऱ्यावर मच्छरदाणीचे कापड घालावे आणि ओले गवत रोज बदलावे.

औषधाने मृत्यू कसा?

आता पांढऱ्याकडे वळू. गिनीपिगचे अन्न म्हणजे मुख्यतः गवत. ते पचवण्याचे काम मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील उपयुक्त जीवाणू करतात. पेनिसिलीन गटातील औषध तोंडावाटे दिले की हे जीवाणू मरतात आणि मोकळ्या जागी क्लॉस्ट्रिडियम गटातील घातक जीवाणू फोफावतात. त्यांच्या विषाने आतडे सुजते आणि प्राणी काही दिवसांत मरतो. अ‍ॅमॉक्सिसिलीन याच गटातले. गिनीपिगला पेनिसिलीन मानवत नाही, हे १९४३ मध्येच लक्षात आले होते. १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलीन प्रथम उंदरांवर तपासले. त्यांच्या हाती त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर कदाचित हे औषध विषारी म्हणून बाजूला पडले असते!

तेव्हा नियम एकच: माणसांसाठीचे कोणतेही प्रतिजैविक घरच्या घरी देऊ नये. गिनीपिगला चालणारी प्रतिजैविके आहेत, पण निवड आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

घरी देण्यासारखे औषध वेगळेच आहे. आपल्याप्रमाणे गिनीपिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. त्यासाठी लागणारे शेवटच्या पायरीचे विकर दोघांतही नाही. म्हणूनच १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांना केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये माणसाच्या स्कर्व्हीसारखा रोग दिसला. जखम भरताना नवे कोलॅजेन तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. दर किलो वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम आणि आजारपणात त्याहून अधिक अशी गरज असते. ढोबळी मिरचीची एक फोड, थोडी कोथिंबीर आणि भरपूर वाळलेले गवत दिले की ती सहज भागते. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे. घसरते वजन हा पहिला धोक्याचा इशारा असतो.

पुन्हा एकत्र

मारामारीनंतर एकाला कायमचे एकटे ठेवावे का? गिनीपिग संगतीत राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून त्याला एकटे पाळणे कायद्यानेच मना आहे. योग्य मार्ग असा: मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी ठेवावे, म्हणजे वास आणि आवाज पोचतो, दात पोचत नाहीत. जखमा भरल्यावर दोघांनाही नव्या असलेल्या मोकळ्या जागेत, समोर गवताचा ढीग ठेवून भेटवावे. जागा निदान आठ-दहा चौरस फूट असावी. पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याच्या जागा दोन, लपायची खोकी दोन आणि प्रत्येकाला दोन दारे. आसपास मादी ठेवू नये, कारण तिच्या वासाने नरांची भांडणे पेटतात. इतके करूनही रक्त निघाले तर जाळी कायम ठेवावी.

तपकिरीसाठी मित्राने पुढे महिन्याभराचे एक पिल्लू आणले. रोगाच्या भीतीने पहिले दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवले, मग जाळीपलीकडे. पन्हाळ्याच्या मुलांना इतिहास शिकवावा लागत नाही. १७३१ च्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणा नदी हद्द ठरली, हे आठवून मुलीने जाळीला नाव दिले 'वारणा'. दिवाळीत मित्राचा फोन आला. वारणा काढून टाकली होती आणि दोघे एकाच ढिगातले गवत खात होते.

वर्गात गिनीपिग असतील तर विद्यार्थ्यांनी रोज पंधरा मिनिटे शांत बसून नोंदी कराव्यात: कोणी पाठलाग केला, कोणी माघार घेतली, दात कितीदा वाजले. मुद्दाम भांडण लावू नये, फक्त पाहावे. आठवड्याभरात क्रम कळतो आणि कधी मध्ये पडायचे व कधी नाही, हेही कळू लागते. औषधाच्या डब्याकडे हात जाण्याआधी मात्र पांढऱ्याची आठवण ठेवावी.