कुजबुजीची सोय कोणाला?

एखादा कुख्यात गुन्हेगार बलाढ्य झाला की त्याच्या पाठीशी कोणाचा वरदहस्त होता, याची कुजबुज सुरू होते. दाऊद इब्राहिमबाबत ती कित्येक वर्षे चालू आहे. मुंबई पोलिसांतील एका हवालदाराचा मुलगा तस्करीच्या साम्राज्याचा धनी होतो, तेव्हा तर्क लढविले जाणारच. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

१२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ जणांचा बळी गेल्यानंतर केंद्राने जुलैत व्होरा समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी व नोकरशहा यांच्या साटेलोट्याची नोंद तिने ऑक्टोबरातच केली. अहवाल संसदेपुढे आला तो मात्र ऑगस्ट १९९५ मध्ये; तोही एकाही राजकारण्याचे नाव न घेता. त्यामागील गोपनीय सामग्री उघड करण्यास १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण पुढील तपासावर देखरेखीसाठी उच्चाधिकार समिती नेमावी, असेही सुचविले.

नावे चव्हाट्यावर मांडणे नव्हे, तर तपास तडीस नेणे, हेच सरकारचे कर्तव्य होते. ते टळले की अफवांचा बाजार भरतो. त्यात निरपराध्याची अब्रू जाते, आणि अपराध्याला मात्र साऱ्या वावड्याच म्हणून नामानिराळे राहता येते.