मधुमेह आणि आपले रोजचे ताट

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, असे पूर्वी म्हटले जाई. आज सातारा-सांगलीकडे रोजंदारीवर जाणाऱ्या घरांतही साखरेच्या गोळ्या दिसतात. स्वतः बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत या आजाराने फार त्रास दिला. त्यामुळे लाजण्यासारखे किंवा लपवण्यासारखे यात काही नाही. नीट समजून घेऊन खाणे, हेच महत्त्वाचे.

'भाकरीने साखर वाढत नाही', हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, तांदळात सुमारे ७८. फरक आहे, पण थोडाच. भाकरीत चोथा जास्त, म्हणून ती पांढऱ्या भातापेक्षा बरी. मात्र तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. रेशनचा तांदूळ टाकून द्यायचा नाही. भात खायचा त्या वेळी भाकरी कमी करावी आणि सोबत घट्ट डाळ घ्यावी.

ताटाचा हिशेब सोपा आहे. अर्धे ताट तांदुळजा, चाकवत, मेथी, शेपू, दोडका, शेवग्याच्या शेंगा. पाव ताट मटकी किंवा हुलग्याची उसळ, कोरेगावचा घेवडा, अंडे किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात भाकरी. सुकट-बोंबील चालतात, पण रक्तदाब असेल तर भिजवून, धुऊन, मीठ कमी करून.

सांगलीचा गूळ, तासगावचे बेदाणे, साताऱ्याचे कंदी पेढे ही आपल्या भागाची शान. पण गूळ 'औषधी' म्हणून चहात घालू नये, तीही साखरच. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. उसाचा रस टाळावा. भडंग मूठभरच, आणि त्यात शेंगदाणे जास्त.

एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. पौर्णिमेच्या उपोसथाला अनेक उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील, तर अशाने रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंदही करू नये. घाम, थरथर, चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर घसरल्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे.

विहारातल्या खीरदानासोबत ताक आणि उसळ ठेवली, तर मधुमेही माणूस पंगतीतून उपाशी उठणार नाही.

तीस वर्षे ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. घरातल्या आईवडिलांना या महिन्यातच घेऊन जा, स्वतःचीही तपासून घ्या.