शिळ्या कढीला ऊत

१९८९ साली निन्टेंडोचा ‘गेम बॉय’ हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आला, तो हिरवट पडदा आणि करड्याच्या चार छटा घेऊन. पडद्यामागे दिवा नसल्याने अंधारात खेळता येत नसे. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘लिंक्स’चा पडदा मात्र रंगीत आणि उजळ होता. तरी बाजी गेम बॉयने मारली. तो चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चाले. लिंक्स सहा सेल चार-पाच तासांत संपवी. शिवाय अमेरिकेत गेम बॉयची किंमत जवळपास निम्मी होती.

हा हिशेब गुन्पेई योकोई यांचा. १९४१मध्ये क्योटोत जन्मलेले योकोई इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५मध्ये निन्टेंडोत लागले. कंपनी तेव्हा पत्ते छापत असे आणि योकोई त्या यंत्रांची देखभाल करत. फावल्या वेळात त्यांनी बनवलेला लांब होणारा चिमटा मालक हिरोशी यामाउची यांनी पाहिला आणि १९६६मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने विकायला काढला. दहा लाखांहून अधिक नग खपले.

पुढे बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढणारा एक प्रवासी त्यांना दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत एलसीडी पडदे स्वस्त झालेच होते. त्यांवरचे आकडे ठरावीक जागी बसवलेल्या पट्ट्यांनी बनतात. पट्ट्यांच्या जागी योकोईंनी हात आणि चेंडू यांच्या आकृत्या बसवल्या. त्या एकामागून एक उमटल्या की चेंडू हवेत उडाल्याचा भास होई. १९८०चा ‘गेम अँड वॉच’ तो हाच. १९८२मध्ये त्याच मालिकेतील ‘डाँकी काँग’साठी, जॉयस्टिकचा दांडा खिशात मावेना म्हणून, त्यांनी अधिकच्या चिन्हासारखे चपटे बटण घडवले. आजही बहुतेक गेमपॅडवर ते दिसते.

नवलाईपेक्षा मुरलेले, स्वस्त तंत्र घ्यावे आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र. पण स्वस्त असणे पुरेसे नसते, हे १९९५च्या ‘व्हर्च्युअल बॉय’ने दाखवले. लाल एलईडी आणि हलते आरसे वापरून त्यात खोलीचा भास साधला होता, पण तो टेबलावर ठेवून आत डोळे खुपसावे लागत. वर्षभरात तो गुंडाळावा लागला.

१९९६मध्ये योकोईंनी निन्टेंडो सोडून स्वतःची कंपनी काढली. १९९७मध्ये रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सहभागातून साकारलेला बांदाईचा ‘वंडरस्वान’ १९९९मध्ये आला. पडदा पुन्हा करडाच. सेल मात्र एकच लागे.