शेवटचा दीड हात

लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे उधाणाचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हा हिशोब किनाऱ्यावरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या पंधरावी म्हणून सव्वाअकरा. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे. त्या हिशोबाने संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी तळाला जातं आणि पूजा आटोपून बत्तासा तोंडात पडेपर्यंत चढायला लागलेलं असतं. पावसाळ्याचा गढूळपणाही एव्हाना निवळलेला असतो. घरच्यांची नजर चुकवून काठी घेऊन बाहेर पडायला वर्षात याहून चांगली रात्र नाही.

शहरात याला फिशिंग म्हणतात. आमच्याकडे शब्द गरवणं. पाग फेकतो तो पागतो, गरी टाकतो तो गरवतो, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत फारसं चांगलं नसतं. नाद मात्र जुना आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला जागा दिली आणि माशांच्या जातींबरोबर त्यांना घालायच्या आमिषांचीही दखल घेतली. राजाला हे लिहून ठेवावंसं वाटलं, यावरून तोही घरी उशिरा पोचत असणार.

माझ्या लहानपणी सरंजाम म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, फाटक्या जाळ्याचं शिसं आणि कागदाच्या पुडीत बांधून आणलेल्या गऱ्या. आता दुकानात शिरलं की डोळे दिपतात. नळकांडं स्थिर ठेवून दोरा सोडणाऱ्या रिळाचं पेटंट इलिंगवर्थ या इंग्रज माणसाने १९०५ साली घेतलं, नायलॉन १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेतून निघालं. आज आपल्या हातात असलेलं बहुतेक सगळं या दोन गोष्टींची नातवंडं-पतवंडं. पुळणीवर लाटांवरून दोरा उंच धरायचा म्हणून १० ते १२ फुटांची काठी लागते. खाडीत आणि खडपावर तीच काठी अडचण होते, तिथे ७-८ फूट पुरे. रीळ ४००० ते ६००० आकड्याचं घ्यावं. घरी आल्यावर त्यावर गोडं पाणी हलक्या हाताने ओतावं. नळाचा जोरदार फवारा मारला तर मीठ बाहेर येण्याऐवजी आत शिरतं. काठीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. तिच्यावर लोक फार पैसे घालतात आणि गरीपासून वरच्या दीड हाताबद्दल कंजुषी करतात. मासा त्या दीड हाताशीच भांडतो.

पुळणीवर आणखी एक रोग पसरलाय, लांब फेकण्याचा. गुडघाभर पाण्यात उभं राहून शंभर मीटरवर शिसं भिरकावायचं आणि ज्या पाण्यात आपण उभे आहोत तिथेच मासा चरत होता हे विसरायचं. आधी दहा मिनिटं कोरड्यावर बसून बघावं. लाट एकदा बाहेर वाळूच्या उंचवट्यावर फुटते, मग शांत होते आणि काठाशी पुन्हा कोसळते. मधल्या शांत पट्ट्यात पाणी खोल असतं, रंगाने गडद दिसतं. तो माशांचा रस्ता. उंचवट्याला जिथे खिंड पडलेली असते तिथे लाट फुटतच नाही आणि पाणी समुद्राकडे ओढलं जातं. पोहणाऱ्याने तिथून लांब राहावं, गरवणाऱ्याने तिच्या कडेला गरी टाकावी. मुडदुशे तर काठाच्या फेसाखालीच असतात. त्यांना बारीक गरी, हलकं शिसं आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा हवा. आमिष बोटाएवढं लावलं तर ते कडा कुरतडून पसार होतात आणि आपण ‘आज मासा नाही’ म्हणत घरी येतो.

लांब फेकायचंच असेल तर एक नियम पाळावा. शिशाच्या दर २५-३० ग्रॅममागे १० पौंड, या मापाने पुढे जाड दोऱ्याचा तुकडा जोडायचा. १०० ग्रॅम शिशाला ४० पौंडी. फेकण्याचा झटका बारीक दोऱ्याला सोसत नाही. तो तुटला की शिसं गोळीसारखं सुटतं आणि किनाऱ्यावर दिवाळीला आलेले पाहुणे असतात.

खाडीचं शास्त्र वेगळं आहे आणि मला विचाराल तर जास्त गोडीचं. इथे लाट वाचायची नसते, पाण्याची ये-जा वाचायची असते. सुकतीला खाजणातून पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकं मावरं वाहत येतं. उघाडीच्या तोंडाशी, पुलाच्या खांबामागे, कांदळाच्या मुळांशी जिताडा तोंड वर करून वाट बघत असतो. गोव्यात तो चोणक. रायगडात तर शेततळ्यात सोडून पाव्हण्यांसाठी राखलेला मानाचा मासा. तो नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो, त्यामुळे दांडगा जिताडा बहुधा मादीच असतो. तो चावत नाही, पाण्यासकट आमिष आत ओढतो. जिवंत कोळंबी यासाठी उत्तम. गरी तिच्या डोक्यावरच्या काट्याखालून घालायची, पण आत दिसणारा काळसर ठिपका चुकवून. तो दुखावला की कोळंबी मेली. नाहीतर ती अर्धा तास नाचते.

तांबोशीचं उलटं. ती घेते आणि त्याच श्वासात खडपात परतते. पहिल्या दोन हातांत अडवली नाही तर संपलं. विणलेला दोरा ताणत नाही, म्हणून टोचणी लगेच हाताला कळते. पण कालवांच्या धारेवर तो कच्च्या सुतासारखा कापला जातो. म्हणून पुढे ५०-६० पौंडांचा फ्लुरोकार्बन हवा. हाच तो दीड हात.

तो मला देवबागच्या संगमावर कळला. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या टोकावर मी नव्या काठीसह उभा होतो. पंधरा पावलांवर एक आबा उकिडवे बसलेले, हातात बाटली आणि तंगूस. अंधार पडता पडता माझी काठी वाकली, रिळाने किंचाळून दोरा सोडला आणि सगळं एकदम सैल झालं. माझा अंदाज ठरलेला होता.

“आबा, कालवांनी कापली.”

ते उठून आले. दोऱ्याचं टोक बोटांत धरून बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला दाखवलं. कापलेला दोरा खरखरीत, विस्कटलेला असतो. माझ्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ होता.

“थुकी लावन आवळलं होतंस?”

नव्हतं. कोरडी गाठ आवळताना दोरा घासून तापतो, नायलॉन तिथेच दुबळं होतं, आणि नीट न बसलेली गाठ ओढ आली की घसरत सुटते. पीळ ही त्या घसरणीची खूण. मी मोठा मासा गेला म्हणून हळहळत होतो.

“मासो ऱ्हवांदे, आधी गाठ बघ,” आबा म्हणाले.

गऱ्यांच्या आकड्यांचा घोळही इथेच उरकून टाकतो. १० पेक्षा ६ मोठी, ६ पेक्षा १ मोठी, आणि त्यानंतर १/०, २/० असं उलट चढत जातं. मुडदुशांना ८-१०, जिताड्याला ४/० च्या पुढे. टोक आत वळलेली गोल गरी मिळाली तर घ्यावी. ती हिसका न देता जबड्याच्या कोपऱ्यात बसते, त्यामुळे लहान मासा जिवंत परत सोडता येतो.

शिंगाळा लागला तर मात्र परत सोडतानाही फडक्यात धरावा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे विषारी. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, कळ उतरते, आणि मग डॉक्टर गाठावा. उथळ वाळूत पाऊल उचलून टाकू नये, घासत न्यावं, म्हणजे पाकट आधीच सरकतं. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. बगळ्याचा पाय एकदा त्यात अडकलेला पाहिला की हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या संध्याकाळी आबांनी माझ्याच पेटीतून नवी गरी काढली. बॅटरी मला बंद करायला सांगितली. अंधारात पाच वेढे दिले, गाठ तोंडात धरून ओली केली, हळूहळू आवळली आणि गरी लाकडात अडकवून दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती हलली नाही. मग ते आपल्या जागी जाऊन बसले. मी कोळंबी लावेपर्यंत पाणी सुकतीला लागलं होतं.