यकृतविकारग्रस्त अर्भकांमधील ‘ई’ जीवनसत्त्वाची कमतरता व चेतासंस्थेची हानी : वऱ्हाडाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अकोला व अमरावती हे कापसाचे जिल्हे. कापसाबरोबर सरकी येते आणि सरकीचे तेल हा ‘ई’ जीवनसत्त्वाचा एक समृद्ध स्रोत आहे. १०० ग्रॅम सरकीच्या तेलात सुमारे ३५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल असते. सोयाबीनच्या तेलापेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. केवळ आहारामुळे या जीवनसत्त्वाची कमतरता होणे एकंदरीतच दुर्मीळ. तरीही काही बालकांच्या शरीरात ते जवळजवळ पोहोचतच नाही आणि दीड-दोन वर्षांच्या वयातच त्यांच्या चेतासंस्थेच्या हानीची लक्षणे दिसू लागतात. ही बालके नवजात अवस्थेपासून यकृतविकाराने ग्रस्त असतात. त्यांच्या बाबतीत दोष आहाराचा नसून शोषणाचा असतो. प्रस्तुत लेखात या हानीचे स्वरूप, तिचे निदान आणि ती टाळण्याच्या शक्यता यांचा विचार केला आहे.

पित्त आणि मेदविद्राव्य जीवनसत्त्वे

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात. आतड्यातील पाणथळ वातावरणात मेद सुटा राहू शकत नाही. पित्तक्षार त्याचे अतिसूक्ष्म कण बनवितात व तेव्हाच त्याचे शोषण होते. यकृतातून आतड्याकडे जाणारा पित्तप्रवाह अडला, म्हणजे पित्तरोध झाला, की ही साखळी तुटते. चारही जीवनसत्त्वांपैकी ‘ई’ हे पित्तावर सर्वाधिक अवलंबून आहे. ‘के’ जीवनसत्त्व कमी पडल्यास रक्तस्राव होतो आणि ‘ड’ कमी पडल्यास मुडदूस होतो. ही लक्षणे डोळ्यांस दिसतात. ‘ई’ची कमतरता मात्र दीर्घकाळ मूक राहते.

नवजात अर्भकातील पित्तरोधाचे एक प्रमुख कारण म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. या विकारात यकृताबाहेरील पित्तनलिका नष्ट होऊन बंद होतात. जपानमधील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडणारी ही शस्त्रक्रिया वयाच्या साठ दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.

महाराष्ट्राला अर्भकांच्या यकृतविकाराचा एक वेगळा अनुभवही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांतील यकृतकाठिण्याचा संबंध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या दुधाशी जोडून दाखविला. तेथे भांडे बदलणे शक्य होते. पित्तरोधात घरातील कोणतीही वस्तू बदलून भागत नाही.

चेतातंतूंची हानी

‘ई’ जीवनसत्त्वाचा शोध हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी १९२२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून लावला. प्रजननाशी संबंध आढळल्याने त्यास पुढे टोकोफेरॉल, म्हणजे अपत्यजन्मास साहाय्यक, असे नाव मिळाले. मानवी शरीरात त्याची नेमकी गरज काय, हे मात्र अनेक दशके संदिग्धच होते. त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात या आजारी मुलांनीच दिले, असे म्हणावे लागते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दीर्घकालीन यकृतविकार असलेल्या मुलांमध्ये वाढत जाणारा चेताविकार वर्णिला गेला आणि तो ‘ई’च्या कमतरतेशी निगडित असल्याचे स्पष्ट झाले. रोनाल्ड सोकोल यांचे या क्षेत्रातील कार्य विशेष महत्त्वाचे आहे.

पेशींच्या आवरणातील असंतृप्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण रोखणे हे या जीवनसत्त्वाचे मुख्य काम. ते न झाल्यास लांब व जाड चेतातंतू आधी झिजतात, मज्जारज्जूचा पाठीमागील स्तंभ बाधित होतो, आणि पुढे अनुमस्तिष्काशी निगडित मार्गांवरही परिणाम होतो. गुडघा व घोटा यांच्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा होणे हे बहुधा पहिले लक्षण. त्यानंतर चालताना तोल जाणे, हातापायांच्या स्थितीची व कंपनाची जाणीव कमी होणे, डोळ्यांच्या हालचाली मर्यादित होणे ही लक्षणे क्रमाने येतात. प्रौढ व्यक्तीत अशी हानी होण्यास अनेक वर्षे लागतात, कारण तिच्या मेदपेशींत साठा असतो. गर्भावस्थेत वारेतून फारच थोडे ‘ई’ पोहोचत असल्याने नवजात अर्भकाजवळ असा साठा नसतोच.

निदानातील चकवा

पित्तरोधात रक्तातील मेदाचे प्रमाण वाढते. ‘ई’ जीवनसत्त्व रक्तातील मेदवाहक कणांतच राहत असल्याने त्याची मोजलेली पातळी वरकरणी योग्य दिसू शकते. चेतातंतू झिजत असताना अहवाल मात्र निर्दोष येतो. सोकोल व सहकाऱ्यांनी हा प्रश्न १९८४ मध्ये पुढे आणला. म्हणून ‘ई’चे एकूण मेदाशी असलेले गुणोत्तर पाहिले जाते, बारा वर्षांखालील मुलांत ते दर ग्रॅम मेदास ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमतरता मानतात.

उपचारातही अशीच अडचण आहे. नेहमीच्या तेलकट थेंबांचे किंवा कॅप्सूलचे मोठे डोसही पित्ताअभावी वाया जातात. पाण्यात मिसळणारे टी. पी. जी. एस. हे रूप पित्ताविना शोषले जाते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात दररोज प्रति किलो २५ आंतरराष्ट्रीय एकक या प्रमाणात त्याची उपयुक्तता दिसून आली. वयाच्या तिसऱ्या वर्षापूर्वी पुरवठा सुरू झाल्यास चेतासंस्था बहुतांशी सावरते. उशीर झाल्यास हानी थांबते, पण गेलेले सर्व परत येत नाही. मात्र ‘ई’चा अतिरेक ‘के’च्या कार्यात अडथळा आणून रक्तस्राव वाढवू शकतो. त्यामुळे हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावयास हवा.

वऱ्हाडातील प्रश्न

नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते, आणि नेमकी हीच गोष्ट घात करते. कोवळे ऊन, झाडपाला किंवा कावीळ ‘उतरविणारा’ जाणकार यांत पहिले दोन महिने सहज निघून जातात. कावीळ म्हणजे तेल-तूप बंद, ही समजूतही दृढ आहे. पित्तरोध झालेल्या बालकाला मेद कमी नव्हे, तर योग्य प्रकारचा हवा असतो. खोबरेल तेलासारख्या मध्यम साखळीच्या मेदाचे शोषण पित्तावाचूनही बऱ्याच अंशी होते.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली कावीळ, दुपट्यावर पिवळा डाग पाडणारी लघवी आणि पांढुरकी वा मातकट शी ही तीन चिन्हे घरीच ओळखता येतात. तैवानमध्ये २००४ पासून शीच्या रंगाचे चित्रपत्रक देशभर वापरले जाते. २०११ पासून राबविल्या जाणाऱ्या गृहाधारित नवजात शिशु सेवेत आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळाच्या घरी जाते. या सर्व भेटी साठ दिवसांच्या आत येतात. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवरही २८ व्या दिवशी शीचा रंग विचारण्यास कोणताही खर्च नाही. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर व अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर आहे. पाठवणीस लागणारा वेळही त्याच साठ दिवसांतून वजा होतो.

शस्त्रक्रिया झाली तरी पित्तप्रवाह पुष्कळदा अपुराच राहतो आणि बालक गावी परतते. पुढील तपासण्या स्थानिक डॉक्टरांकडेच होणार. मेदाशी गुणोत्तर काढणारी प्रयोगशाळा जवळ नसेल. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासण्यास मात्र रबरी हातोडी पुरते, आणि ती तपासणी प्रत्येक भेटीत व्हावी.