पन्नाशीनंतर नोकरी शोधताना : झाकली मूठ कधी उघडायची?



मी सॉफ्टवेअरवाला, वकील नव्हे. पण गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या माझ्या मामांच्या नोकरीसाठी धावपळ करताना जे शिकलो, ते इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

मामा ५८ वर्षांचे, मेकॅनिकल इंजिनिअर. कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली. त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. रेझ्युमे पाहून फोन यायचे, पण फोनवरच्या इंटरव्ह्यूत गाडी अडायची. समोरचा विचारायचा एक, मामा सांगायचे भलतंच. मी म्हटलं, "मामा, ऐकू कमी येतं हे सांगून टाका ना!" तर म्हणाले, "अरे, आधीच वय पाहून नाक मुरडतात, त्यात हे कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. १९९० सालचा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट, म्हणजेच एडीए, १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. नोकरीची ऑफर देण्यापूर्वी कंपनी तुमच्या अपंगत्वाबद्दल किंवा आजाराबद्दल विचारू शकत नाही. "हे काम तुम्हाला जमेल का?" एवढंच विचारू शकते. म्हणजे मूठ झाकून ठेवायचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

पण याच कायद्याने सोय मागण्याचाही हक्क दिला आहे, आणि तो इंटरव्ह्यूच्या वेळीही आहे. कंपनीवर अवाजवी बोजा पडत नसेल, तर तिने योग्य ती सोय करून द्यायला हवी. मात्र ती आपण मागावी लागते, आणि त्यासाठी अडचण सांगावी लागते. तोंड उघडलं नाही, तर त्यांना कळणार कसं?

आम्ही ईमेलमध्ये दोनच ओळी लिहिल्या : "मला कमी ऐकू येतं. फोनऐवजी कॅप्शनसह व्हिडिओ इंटरव्ह्यू घेता येईल का?" उत्तर आलं, "जरूर!"

वयासाठी १९६७ चा वेगळा कायदा आहे. ४० व त्यापुढच्या वयाच्यांना तो संरक्षण देतो, पण कंपनीत किमान २० कर्मचारी हवेत. तरी आपणही थोडी काळजी घ्यावी. रेझ्युमेत पदवीचं साल लिहिलंच पाहिजे असं नाही. शेवटच्या पंधरा वर्षांचं काम पुरे.

मदत कुठे मिळेल?

१. जॉब अ‍ॅकॉमोडेशन नेटवर्क : कोणती सोय मागावी, कशी मागावी, याचा मोफत सल्ला. फोन ८००-५२६-७२३४.

२. राज्याचं व्होकेशनल रिहॅबिलिटेशन खातं : पात्र ठरल्यास प्रशिक्षण, तसंच कामासाठी लागणारी साधनं.

३. अन्याय झालाच तर ईईओसी : तक्रारीची मुदत साधारण १८० दिवस. राज्याचाही तसा कायदा आणि तो राबवणारी यंत्रणा असेल, तर ३००.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र इथे नोकरी करता येत नाही. ग्रीनकार्ड असेल, तर वरचे हक्क नागरिकांइतकेच लागू होतात.

मामांना तिसऱ्या कंपनीत नोकरी लागली. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण मीटिंगमध्ये कॅप्शन असतात आणि "काय म्हणालात?" असं विचारायला मामा आता लाजत नाहीत.

कुणाला इंटरव्ह्यूचा सराव करायचा असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटा. चहा तुमच्याकडून!